नवी पिढी मोकळ्या मनाची आहे का, हे विचारण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कंपनीत नव्यानं येणाऱ्या विशीतल्या मुलामुलींसाठी धोरण ठरवायचं काम तुमच्याकडे आलं आहे. सल्लागारानं दिलेल्या सादरीकरणात पहिलंच वाक्य आहे, 'जेन झी ही आजवरची सर्वांत वैविध्यपूर्ण आणि सर्वांत सहिष्णू पिढी आहे.' (जेन झी म्हणजे साधारण १९९७ पासून पुढे जन्मलेली पिढी.) आणि तुमच्याच विभागातली २२-२३ वर्षांची मंडळी सुट्टीच्या वेळात एकमेकांची जात, धर्म, कपडे, उच्चार यांवरून जे बोलतात, ते ऐकून तुम्हाला हे वाक्य पचत नाही. आकडे खोटे आहेत, की आपल्याच वाट्याला अपवाद आले आहेत, असं तुम्ही विचारलं आहे.

माझ्या मते दोन्ही नाही. जनमत चाचण्यांच्या प्रश्नावल्या तयार करणं आणि मुलाखती घेणाऱ्यांना शिकवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि तरुणांची मतं हा त्यातला मोठा भाग. त्या अनुभवावरून सांगते, त्या एका वाक्यात दोन वेगळी विधानं एकत्र केली आहेत. या पिढीत कोण कोण आहे, हे एक विधान. त्या माणसांना काय वाटतं, हे दुसरं. पहिल्याचा पुरावा जनगणनेतून येतो, दुसऱ्याचा प्रश्नावलीतून, आणि पहिलं खरं असलं म्हणून दुसरं आपोआप खरं ठरत नाही.

आधी पहिलं विधान घेऊ. ते मुळात अमेरिकेबद्दलचं आहे आणि तिथं ते खरं आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये ६ ते २१ वयाच्या अमेरिकी मुलांची, म्हणजे जेन झीची, आकडेवारी तपासली, तेव्हा हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक किंवा लॅटिन अमेरिकी मुळाचे) नसलेल्या श्वेतवर्णीयांचं प्रमाण ५२ टक्के निघालं. त्याआधीची मिलेनियल पिढी त्याच वयाची होती तेव्हा, म्हणजे २००२ मध्ये, ते ६१ टक्के होतं. तिच्याही आधीच्या जेन एक्ससाठी १९८६ मध्ये ७० टक्के, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या बूमर मुलांसाठी १९६८ मध्ये ८२ टक्के. या तुलनेत एक गोष्ट फार चांगली आहे. प्रत्येक पिढी एकाच वयात मोजली आहे. आजचे तरुण आणि आजचे म्हातारे शेजारीशेजारी ठेवून पिढीबद्दल निष्कर्ष काढलेला नाही.

या बदलामागचं कारणही स्पष्ट आहे. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं अमेरिकेतली देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडली. त्यानंतर लॅटिन अमेरिका आणि आशियातून कुटुंबं येत राहिली, आणि आज दिसतात ती त्यांची मुलं-नातवंडं. ६ ते २१ वयाच्या त्या सगळ्या मुलांपैकी परदेशात जन्मलेली फक्त ६ टक्के होती. आई किंवा वडील परदेशातून आलेले आहेत अशांचं प्रमाण मात्र २२ टक्के होतं. म्हणजे ही तिथं जन्मलेली, तिथल्याच शाळांत वाढलेली मुलं आहेत.

आता हेच वाक्य उचलून दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या सादरीकरणात ठेवलं की त्याचा आधार निघून जातो. भारतात जाती, धर्म, भाषा यांचं वैविध्य आजच्या २२ वर्षांच्या मुलांनी आणलेलं नाही, ते त्यांच्या पणजोबांच्या काळातही होतं. १९६५ च्या कायद्यासारखी रचना बदलणारी घटना इथल्या या वयोगटाच्या वाट्याला आलेली नाही. तेव्हा तुमच्या सल्लागाराला पहिला प्रश्न हा विचारा की आकडा कुठल्या देशातला आहे आणि कुठल्या वर्षीचा.

शिवाय वैविध्य हा गटाचा गुण आहे, गटातल्या एकेका माणसाचा नाही. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०२२ च्या अहवालात दाखवलं की २०२०-२१ या शैक्षणिक वर्षात तिथले एक तृतीयांशाहून जास्त विद्यार्थी अशा शाळांत होते, जिथली ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुलं एकाच वंशाची किंवा वांशिक गटाची होती. सर्वांत वैविध्यपूर्ण पिढीतला एखादा मुलगा सगळी शाळा आपल्यासारख्यांमध्येच काढू शकतो आणि नोकरीत आल्यावर पहिल्यांदा वेगळ्या घरातल्या माणसाशेजारी बसतो. तुमच्या विभागात असे किती जण आहेत, हे मला इथून कळणार नाही. पण तुम्हाला शोधता येईल, आणि शोधण्यासारखं आहे.

आता मतांकडे. इथं गुंता जास्त आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

समजा एका चाचणीत २० वर्षांच्यांपैकी ६० टक्के एखाद्या गोष्टीला 'चालेल' म्हणाले आणि ६० वर्षांच्यांपैकी ३० टक्के. बातमी लगेच येते, 'नवी पिढी दुप्पट उदार.' पण या आकड्यांचे तीन अर्थ निघतात. एक म्हणजे वय. तरुणपणी माणूस मोकळा असतो आणि जबाबदाऱ्या आल्या की आवरतो, असं असेल तर आजचे तरुण उद्या तसेच आवरतील. दुसरा अर्थ म्हणजे काळ. सगळ्याच समाजाचं मत सरकत असेल आणि तरुण त्यात थोडे पुढे असतील. पिढी हा तिसरा अर्थ. या मुलांच्या घडत्या वयात असं काही झालं की जे त्यांच्याबरोबर आयुष्यभर राहील. एकाच वर्षाच्या एका चाचणीतून या तिन्हींतलं कुठलं खरं, ते सांगता येत नाही. कुणी सांगत असेल तर त्यानं वर्षानुवर्षांची आकडेवारी पाहिली आहे का, हे विचारा.

काळाचा परिणाम किती मोठा असू शकतो, याचं उदाहरण गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या आकड्यांत आहे. अमेरिकेत श्वेत आणि कृष्णवर्णीय यांच्यातल्या लग्नाला १९५८ मध्ये ४ टक्के लोकांची मान्यता होती, २०२१ मध्ये ९४ टक्के. समलिंगी विवाहाला कायद्यानं मान्यता द्यावी, असं १९९६ मध्ये २७ टक्के म्हणत होते आणि २०२३ मध्ये ७१ टक्के. पहिला बदल व्हायला साठेक वर्षं लागली, तेवढ्या काळात जुने गेले आणि नवे आले म्हणून बराच फरक पडतो. दुसरा बदल मात्र सत्तावीस वर्षांतला आहे. एवढ्या काळात लोकसंख्या इतकी पालटत नाही. म्हणजे त्यात जिवंत माणसांनीही मत बदललं, आई-वडिलांनी, आजी-आजोबांनीसुद्धा. त्याचं सगळं श्रेय नव्या पिढीला देणं हा त्या मोठ्या माणसांवर अन्याय आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण पन्नाशीनंतर मत बदलणं सोपं नसतं.

पिढ्यांच्या सीमारेषांचंही तसंच. १९९७ पासून जेन झी सुरू होते, ही रेष सोयीसाठी ओढलेली आहे. डिसेंबर १९९६ आणि जानेवारी १९९७ मध्ये जन्मलेली दोन मुलं एकाच वर्गात शिकलेली असतात. या नावांचा सर्वाधिक प्रसार ज्या संस्थांनी केला, त्यांपैकी प्यूनं स्वतःच २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढे एकाच वयातल्या पिढ्यांची तुलना करण्याइतकी जुनी आकडेवारी हाताशी असेल तेव्हाच पिढ्यांची भाषा वापरू. सादरीकरणं करणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

हे झालं आकडे वाचण्याबद्दल. तुमचं खरं उत्तर मात्र प्रश्न कसा विचारला यात आहे.

आमच्या क्षेत्रात सामाजिक अंतराची मोजपट्टी नावाचं एक जुनं साधन आहे. समाजशास्त्रज्ञ इमरी बोगार्डस यांनी ती १९२५ च्या सुमारास मांडली. अमुक गटातला माणूस तुमच्या देशात आलेला चालेल का, नागरिक झालेला चालेल का, तुमच्या कामाच्या ठिकाणी, तुमच्या गल्लीत शेजारी म्हणून, मित्र म्हणून, आणि शेवटी लग्नानं जवळचा नातेवाईक म्हणून? एकेक पायरी माणसाच्या जवळ येत जाते. 'सर्व माणसं समान आहेत का?' या प्रश्नाला जवळपास सगळे हो म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटतं. फक्त त्या प्रश्नात त्यांचं काही पणाला लागलेलं नसतं.

मुलाखती ऐकताना हे फार स्पष्ट दिसतं. पहिले चार-पाच प्रश्न मुलगा भराभर सोडवतो, उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार असतं. मग प्रश्न येतो, 'तुमच्या बहिणीनं अशा घरात लग्न करायचं ठरवलं तर?' तिथं ध्वनिमुद्रणात शांतता असते. मग घसा साफ केल्याचा आवाज. मग 'मला काही नाही, पण घरचे...' असं अर्धवट वाक्य. मुलाखत घेणाऱ्यांना मी सांगते की इथं थांबा, मदत करू नका, पर्याय वाचून दाखवू नका. त्या 'पण'नंतर जे येतं, ते पाठ केलेलं नसतं. माणूस तिथं पहिल्यांदा विचार करत असतो. असे तरुण मला दांभिक वाटत नाहीत. तत्त्व त्यांनी मनापासून स्वीकारलेलं आहे, आणि त्याची किंमत मोजायची वेळ अजून आलेली नाही.

प्यूनं २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यात ८४ टक्के लोक म्हणाले की खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणं अतिशय महत्त्वाचं आहे. अनुसूचित जातींबाहेरच्या लोकांपैकी ७२ टक्क्यांनी अनुसूचित जातीतला शेजारी चालेल असं सांगितलं. आणि त्याच चाचणीत ६४ टक्के लोकांना आपल्या समाजातल्या स्त्रियांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं अतिशय महत्त्वाचं वाटत होतं. पुरुषांना रोखण्याबद्दल ६२ टक्के. तीच माणसं, तीच बैठक, फक्त पायऱ्या वेगळ्या. सादरीकरणात यातला कुठला आकडा घ्यायचा, त्यावर चित्र ठरतं. याच चाचणीतल्या स्त्री-पुरुषांच्या भूमिकांबद्दलच्या प्रश्नांत तरुण आणि त्यांच्याहून मोठे यांच्यातला फरक फार मोठा नव्हता, हेही लक्षात ठेवा.

कागदावरचं उत्तर आणि वागणं यांतली तफावत उलट्या दिशेनंही जाते. रिचर्ड लापिएर यांनी १९३० च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. तो काळ तिथं चिनी लोकांबद्दल उघड पूर्वग्रहाचा होता. अडीचशे ठिकाणी, म्हणजे हॉटेलं आणि खानावळींत, ते गेले आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच जागांना पत्रानं विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हणून कळवलं. १९३४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या पाहणीच्या पद्धतीत उणिवा आहेत, तरी तुमच्यासाठी ती महत्त्वाची आहे, कारण तुम्हाला फक्त बोलणं ऐकू येतंय. सुट्टीत वाईट बोलणारा मुलगा कामात सहकाऱ्याला कसा वागवतो, हे वेगळं पाहावं लागेल. गोड बोलणाऱ्याचंही.

चारचौघांतल्या बोलण्याबद्दल आणखी एक पाहणी सांगते. लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी सौदी अरेबियात रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना विचारलं, स्त्रियांनी घराबाहेर नोकरी करायला तुमची हरकत आहे का? मोठ्या बहुसंख्येनं एकांतात सांगितलं, नाही. पण इतर पुरुषांना काय वाटत असेल, याचा अंदाज विचारल्यावर बहुतेकांनी तो पाठिंबा प्रत्यक्षापेक्षा कमी धरला. मग काही जणांना खरा आकडा सांगितला. पत्नीचं नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवणाऱ्यांचं प्रमाण इतरांत २३ टक्के होतं, ते या गटात ३२ टक्क्यांवर गेलं. कुणाचं मत बदलायला भाषण द्यावं लागलं नाही. बाकीचे काय विचार करतात, ते कळलं एवढंच.

तुमच्या सुट्टीतल्या टोळक्यातही असंच काही चाललेलं असू शकतं. दोघं मोठ्यानं बोलतात, चौघं हसतात, आणि हसणाऱ्यांतल्या तिघांना ते आवडलेलं नसतं. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच. असं आहेच असं मी म्हणत नाही. कदाचित सहाही जणांना तसंच वाटत असेल. ते तपासता येतं, आणि ते तपासल्याशिवाय 'ही पिढी अशीच' असं ठरवू नये.

पिढीच्या आतल्या फटींकडेही बघा. कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्येच लिहिलं होतं की एकाच काळात वाढलेली मुलं त्या काळाला परस्परविरोधी प्रतिसाद देऊ शकतात आणि तरीही ती एकच पिढी असते. अमेरिकेत २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ३० वर्षांखालच्या मतदारांत पुरुषांनी ट्रम्प यांना स्त्रियांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात मत दिलं, तर निम्म्याहून जास्त स्त्रियांनी हॅरिस यांना. त्याआधी, २०१८ मध्ये प्यूनं विचारलं होतं की कृष्णवर्णीयांना श्वेतवर्णीयांपेक्षा कमी न्याय्य वागणूक मिळते का. रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेल्या जेन झीतले ४३ टक्के हो म्हणाले, त्याच कलाच्या मिलेनियलांतले ३० टक्के. म्हणजे पिढीचा परिणाम काही बाबतींत खरा आहे, पण तो पक्ष, लिंग, शिक्षण यांच्या आत मिसळलेला आहे. सरासरी काढली की तो सपाट होतो.

आतापर्यंतचं दोन ओळींत: तुमच्या सादरीकरणातला आकडा त्याच्या देशात बरोबर आहे आणि तुमच्या कानांनाही भास होत नाहीत. दोन्ही वेगवेगळ्या पायऱ्यांवरचं मोजमाप आहे.

मग करायचं काय? इथं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. विभाग किती मोठा आहे, मुलं कायम आहेत की कंत्राटी, बोलणारा वरच्या पदावर आहे का. एक गोष्ट मात्र कशावरही अवलंबून नाही. एखाद्या नेमक्या माणसाला लक्ष्य करून बोललं जात असेल, त्याला कामावर यायला नको वाटत असेल, तर तो मतांचा विषय राहिलेला नाही. तिथं चाचणी घेत बसू नका, तक्रारीची जी पद्धत आहे ती आजच वापरा आणि त्या माणसाला तुम्ही त्याच्या बाजूनं आहात हे कळू द्या.

बाकीच्यासाठी, विचारायचं असेल तर मतं विचारू नका, घडलेलं विचारा. 'तुम्हाला वैविध्य आवडतं का?' हा प्रश्न वाया जातो. 'गेल्या महिन्यात तुमच्या बोलीची, पार्श्वभूमीची, कपड्यांची टिंगल झाली का?', 'दुसऱ्या कुणाची झालेली ऐकली का?', 'तेव्हा कुणी काही म्हणालं का?', 'कामात अडलात तर पहिल्यांदा कुणाकडे जाता?' या प्रश्नांची उत्तरं उपयोगी पडतात. नाव न घेता, प्रत्येकानं स्वतः भरायचं ठेवा, समोर बसून विचारू नका. विभाग लहान असेल तर जात, धर्म, लैंगिक ओळख हे रकाने ठेवूच नका. पंधरा जणांत एकच माणूस त्या गटातला असेल तर निनावी कागदावरही तो ओळखू येतो, आणि त्याचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

फार नाजूक गोष्ट मोजायची असेल आणि माणसं काही शे असतील, तर आम्ही यादीची पद्धत वापरतो. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना चार साधी विधानं द्यायची आणि त्यांतली किती पटतात एवढंच विचारायचं, कुठली ते नाही. उरलेल्या निम्म्यांना तीच चार आणि एक नाजूक विधान. समजा पहिल्या गटाची सरासरी २.१ आली आणि दुसऱ्याची २.५, तर साधारण ४० टक्के लोकांना ते नाजूक विधान पटतं असा अंदाज बांधता येतो, आणि कुणा एकाचं उत्तर कुणालाच कळत नाही. पंधरा-वीस जणांवर मात्र हे करू नका, आकडा भरवशाचा येणार नाही.

आणि धोरणाचा जो भाग तुमच्या हातात आहे, तो म्हणजे कामाची रचना. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की वेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. बरोबरीचं स्थान, सामायिक उद्दिष्ट, सहकार्य आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा असेल तर तो परिणाम होतो. यावर पुढे पाचशेहून अधिक अभ्यास झाले आणि २००६ मध्ये त्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात एकूण दिशा संपर्कानं पूर्वग्रह कमी होण्याचीच दिसली. माझ्या दृष्टीनं तुमच्या सर्वांत जवळचा अभ्यास मॅट लो यांचा आहे. त्यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. कुणाला एकाच जातीच्या संघात टाकलं, कुणाला मिश्र संघात, तेही चिठ्ठ्या टाकून. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेगळ्या जातीचे खेळाडू आपल्या संघात असतील तर जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या. तेच खेळाडू समोरच्या संघात असतील तर परिणाम उलटा झाला. मुलं तीच, गावं तीच, वयही तुमच्या मुलांच्या आसपासचं. फरक कोण कुणाबरोबर आणि कोण कुणाविरुद्ध, एवढाच होता.

म्हणून धोरणाचा मसुदा लिहिण्याआधी एक कागद घ्या आणि तुमच्या विभागात गट कसे पडतात ते लिहून काढा. ओळखीतून आलेले एका गटात, एका महाविद्यालयाचे दुसऱ्यात, आणि महिन्याच्या शेवटी बक्षीस ज्या गटाचं काम जास्त त्याला, अशी पद्धत असेल, तर सुट्टीतलं बोलणं तिथूनही येत असेल. नवे रुजू होतील तेव्हा गट मिसळून करा, बक्षीस सगळ्या विभागाच्या कामावर ठेवा, आणि वर दिलेले चार प्रश्न आता एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. गट आणि बक्षिसं सध्या कशी ठरतात ते इथं लिहिलंत, तर प्रश्नावलीचा मसुदा तुमच्या विभागाला साजेसा करायला मी मदत करेन.